बोटुकलीची लस

"मासाले सुई टोचतस म्हने."

व्हरांड्यातून हे वाक्य आत आलं तेव्हा मी चहाचे कप ट्रेमध्ये मांडत होते. बोलणाऱ्याने ते शेजारी बसलेल्याच्या कानाशी, खालच्या आवाजात सांगितलं होतं. शेजाऱ्याने तितक्याच गंभीरपणे विचारलं, की टोचताना मासा धरून कोण ठेवतं, त्याला जाळ्यातून काढायलाच दोन हात पुरत नाहीत. मग दोघं हसले. म्हणजे पप्पांनी ती गोष्ट त्यांना सांगून टाकली होती. खरं तर ती माझी गोष्ट होती.

पप्पा धुळ्याला जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्यांच्या एका वर्गमित्राने परदेशातून मासिकांचा गठ्ठा पाठवला होता आणि तो सुतळी न सोडता तसाच कपाटावर पडून होता. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. घरी कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची माझी सवय होती, आणि आतल्या खोलीत तो गठ्ठा होता. एका दुपारी सुतळी सोडली. तिसऱ्या की चौथ्या अंकात तो लेख निघाला.

थंड, निळा समुद्र. त्यात गोल पिंजरे. पिंजऱ्यांत मासे पाळलेले, आपल्याकडे कोंबड्या पाळतात तसे. पुढच्या पानावर लांब टेबल, टेबलाशी पिवळे एप्रन घातलेल्या बायका, प्रत्येकीच्या एका हातात मासा आणि दुसऱ्या हातात पिचकारीसारखं इंजेक्शन. लेखात म्हटलं होतं, की पूर्वी रोगाची साथ आली की पिंजरेच्या पिंजरे रिकामे व्हायचे, माशांच्या खाण्यात औषधं कालवावी लागायची. मग लस निघाली. समुद्रात सोडण्याआधी प्रत्येक मासा एकदा टोचायचा, बस. खाली एक आलेख होता. माशांची रेघ वर चढत होती, औषधांची खाली उतरत होती, आणि दोघी मधे एकदाच एकमेकींना छेदून आपापल्या वाटेने गेल्या होत्या.

मी तो लेख उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला. मासा रोग ओळखून ठेवतो, हे मला आधी माहीतच नव्हतं. ज्याला आपण ताटात वाढून घेतो त्याच्या अंगात आठवण असते, एकदा भेटलेला शत्रू तो पुन्हा भेटल्यावर ओळखतो. संध्याकाळी पप्पा बूट काढत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर मासिक धरलं आणि इंग्रजीत भडाभडा बोलत सुटले. घरात मी इतकं सलग कधी बोलत नसे. आई स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेली.

पप्पांना त्याच आठवड्यात माशांबद्दल कोणीतरी विचारायला आलं होतं. सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत, एका गावच्या तळ्यात मच्छीमार सोसायटीची मासळी होती. आधल्या हिवाळ्यात तिच्यावर रोग पडला. अंगावर लाल डाग, डागांच्या जखमा, जखमा इतक्या खोल की आतलं मांस दिसावं. आधी मरळ गेले, मग बाकीचे. बाजारात टोपली उघडली की गिऱ्हाईक तोंड फिरवून पुढे जाई. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते पप्पांकडे आले, कारण गुरांना घटसर्पाची लस देणारा माणूस त्यांना माहीत होता आणि माशांचा डॉक्टर कुठे बसतो हे कोणालाच माहीत नव्हतं. यंदाही तळं नासलं तर गावाच्या हातून ते जाणार होतं. बाहेरचा ठेकेदार टपून होता आणि तो आपली माणसं, आपली जाळी घेऊन येणार होता. आबांच्या घराने तीन पिढ्या त्या पाण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

तर आता आबा आणि सोसायटीची सहा-सात माणसं आमच्या व्हरांड्यात बसली होती, आणि पप्पांनी मला हाक मारली. लेख तूच वाचून दाखव, म्हणाले, तुला पाठ आहे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मला समजे सगळं, पण चारचौघांत बोलायला लागले की शब्द एकेक करून शोधावे लागत, आणि शोधताना माझा चेहरा लाल होतो हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मी गेले. गोष्टच तशी होती.

सुरुवात छान झाली. समुद्र, पिंजरे, पिवळे एप्रन. आबा मान पुढे काढून ऐकत होते. त्यांच्या शेजारी अक्का बसल्या होत्या, आबांच्या थोरल्या बहीण. सोनगीरच्या बाजारात मासळी त्याच विकत. त्या चित्रातल्या बायकांकडे बघत राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या, की त्यांच्या हातात मोजे आहेत, मासा निसटत कसा नाही. फार चांगला प्रश्न होता. उत्तरही माझ्याजवळ होतं. मी म्हणाले, "आधी माशांना भूल देतात."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "मंग सलाइन बी लावतस का?"

सगळा व्हरांडा हसला. पप्पाही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं, तेव्हाही थोडं कळत होतं. पण माझे कान तापले, समोरची अक्षरं एकमेकांत शिरली. नेमकं तेव्हाच फाटकाशी सायकल आली. कोणाची तरी गाय अडली होती. पप्पा बॅग उचलून निघाले आणि जाता जाता म्हणाले, चालू दे, पुरं कर. मी पान उलटलं. खाली अर्धं पान राहिलं होतं, लस बनते कशी ते सांगणारं, आणि त्यातल्या एकाही शब्दाला माझ्याजवळ मराठी शब्द नव्हता. ते अर्धं पान मी गाळलं. सरळ आलेखावर गेले, रोग कमी झाला, औषधं कमी झाली, आणि मासिक मिटलं.

आबा मात्र सोडणारे नव्हते. त्यांनी बाही वर करून दंडावरचा देवीचा वण दाखवला आणि विचारलं, की हे जे टोचतात त्यात असतं तरी काय.

मला लवकर आत जायचं होतं. मी म्हणाले, "ज्या रोगाची लस, त्याच रोगाचं बी. अगदी थोडं. ते अंगात गेलं की अंग रोग ओळखायला शिकतं."

"त्याच रोगाचं," आबा म्हणाले.

"हो."

त्यांनी बाही खाली केली. अक्कांनी मान डोलावली. मी कप गोळा करून आत गेले आणि इतकी आनंदात होते, की कप धुवायला लागले तेव्हा आई म्हणाली, अगं ते धुतलेले आहेत.

दोन दिवसांनी आबा पुन्हा आले, एकटेच. ती लस सरकारात मिळते का, हे विचारायला. पप्पांनी त्यांना नीट समजावलं, की ती वेगळ्या माशांची, वेगळ्या रोगाची, आणि या जखमांच्या रोगाची लस तर त्या लोकांकडेही नाही. आपल्या हातात चुना आणि मीठ. बीज सोडण्याआधी तळ्यात चुना टाकायचा, दुसऱ्या तळ्याचं काही आत येऊ द्यायचं नाही, जाळी वाळवून वापरायची. आबा सगळं ऐकून बरं म्हणाले. मी खिडकीआड होते. ते "बरं" जरा लवकर आलं, असं मला वाटलं होतं. माणसं बोलताना कुठे थांबतात, कुठे थांबत नाहीत, याकडे माझं लक्ष असतं, कारण बहुतेक वेळ मी तेवढंच करत असते.

चुना टाकायच्या दिवशी मी पप्पांबरोबर जीपमधून गेले. त्याआधी मी कुठे जायचा हट्ट केल्याचं कोणाला आठवत नाही. तळ्याच्या बांधावर उभं राहिलं की सोनगीरचा किल्ला दिसतो. त्याच्याकडे पाठ करून माणसं तोंडाला फडकी बांधून घमेल्यांनी चुना फेकत होती. पांढरा धूर पाण्यावर पसरे, मग पाणी दुधाळ होई, मग हळूहळू निवळे. मला ते इतकं आवडलं, की माझी चप्पल चिखलात राहिली ते मला बांधावर आल्यावर कळलं.

अक्का बाभळीखाली जाळं विणत बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्या प्रश्न विचारत नसत, म्हणून त्यांच्याशी बोलणं सोपं जाई. मी काडीने मातीत त्या दोन रेघा काढल्या, चढणारी आणि उतरणारी. ही मासळी, आणि औषधांच्या जागी, सोपं जावं म्हणून, हा रोग. अक्कांनी उतरणाऱ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि शेवटी जिथे ती जमिनीला टेकत होती तिथे बोट दाबून धरलं.

"आठे कवय येवाव आपन?" त्यांनी विचारलं. इथे आपण कधी येणार?

मी म्हणाले, लवकर. मला ते खरंच वाटत होतं.

गणपती झाल्यावर बीज आलं. बीज म्हणजे माशांची पिल्लं, बोटाएवढी, म्हणून बोटुकली. कटला, रोहू, मृगळ. प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांमध्ये अर्ध्यावर पाणी, वर ऑक्सिजन भरून फुगवलेली तोंडं, सुतळीने बांधलेली. टेम्पो रात्रभर चालून सकाळी तळ्याच्या रस्त्याला लागला आणि तळं दोनशे पावलांवर असताना चिखलात रुतला. पप्पा आणि बहुतेक माणसं तिकडे धावली. ओळ लागली, हातोहात पिशव्या पुढे येऊ लागल्या. उन्हात धरली की पिशवीत चांदीचा चुरा ढवळल्यासारखं होई. मीही ओळीत उभी राहिले. माझ्या हातात पहिली पिशवी आली आणि आतली ती सगळी एकदम एका बाजूला पळाली. पिशवी माझ्या पोटाशी धडधडत होती. मी हसत होते, एकटीच, मोठ्याने. कोणी बघत नव्हतं म्हणून असेल.

पिशव्या लगेच उघडत नाहीत. त्या आधी तशाच, तोंड बांधलेल्या, तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवतात. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका ऊबेला आलं, की मग तोंड सोडायचं. दहा-पंधरा मिनिटं जातात. काठावर पिशव्यांची रांग हलत होती आणि सगळे वाट बघत होते.

काठाशी एक मोठा पितळी हंडा मांडला होता, वरून हळदकुंकू लावलेला. शेजारी घागर. घागरीच्या तोंडावर ओलं फडकं. मला वाटलं पूजा असेल. मी अक्कांना विचारलं, हे काय.

अक्का इतक्या खुशीत होत्या, की त्यांनी माझा हातच धरला. इथल्या मच्छीमारांत एक रीत आहे. बीज सोडताना ज्या तळ्याला त्या वर्षी बरकत असेल त्या तळ्याची घागर आणायची आणि पिल्लांच्या अंगावरून ते पाणी आधी जाऊ द्यायचं. दरवर्षी घागर चांगल्या तळ्याची असते. यंदा आबांनी शेजारच्या गावच्या तळ्याची आणली होती.

त्या तळ्यात कालपरवापासून मासे मरत होते. मला पप्पांकडून माहीत होतं.

"पण तिथं तर रोग आहे," मी म्हणाले.

"म्हनीसनच ते," अक्का म्हणाल्या. म्हणून तर. त्यांनी घागरीवरचं फडकं थोडं उचललं. आत दोन मरळ होते. एकाच्या पाठीवर रुपयाएवढी लाल जखम होती आणि तो जिवंत होता, कल्ले हळूहळू उघडत मिटत होते. अक्का मला समजावू लागल्या, मलाच, की सरकारात लस नाही तर आबांनी घरी केली. तू सांगितलंस तशी. त्याच रोगाची, अगदी थोडी. पिल्लं हंड्यात घ्यायची, एकच घागर ओतायची, दहा अंक मोजायचे आणि तळ्यात सोडायची. डॉक्टरसाहेबांना सांगितलं नाही, ते सरकारी माणूस, त्यांना वर विचारावं लागतं. मासे मोठे झाले की सांगू. आबांनी यासाठी काल उपास धरला होता.

मला आधी काय वाटलं ते लिहायला हवं. मला आधी आनंद झाला. माझ्या बोलण्यावरून कोणीतरी काहीतरी केलं होतं. माझं एक वाक्य या माणसांनी घरी नेलं, त्यावर विचार केला, त्याला आपली रीत जोडली आणि उपास धरून ते अंमलात आणलं. वर्गात मी हात वर केला तरी कोणाला दिसत नसे. हा आनंद किती वेळ टिकला माहीत नाही, एक श्वास असेल. मग ते अर्धं पान डोळ्यांपुढे आलं. डावीकडचं, खालचं. शब्द जसेच्या तसे दिसत होते. जंतू काचेच्या भांड्यात वाढवतात, मग रसायनाने मारतात, मग ते सगळे मेलेत ना हे तपासतात, आणि तपासून झाल्यावरच माशाला देतात. आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही ते होतं. व्हरांड्यात मी भूल हा शब्द काढला त्याच्या आधीपासून मला ते माहीत होतं.

मी टेम्पोकडे बघितलं. पप्पा चाकाखाली दगड लावत होते, पाठ आमच्याकडे. हाक मारली असती तरी इंजिनच्या आवाजात पोचली नसती. मी दोन पावलं तिकडे टाकली. पळत जायचं, पप्पांना आणायचं, पप्पा येऊन सांगतील. सगळ्यांना पप्पांचं पटतं. मी मागे उभी राहीन. त्याच वेळी मागे कोणीतरी म्हणालं, की पाणी झालं एक. पहिल्या पिशवीची सुतळी सुटली. बोटुकली हंड्यात पडली, पितळेत ती तळ्यापेक्षाही जास्त चमकत होती, आणि भोवती उभ्या सगळ्यांच्या तोंडून एकदम वाः निघालं. आबांनी हात धुतले. घागर उचलून खांद्याशी घेतली. फडकं काढून अक्कांच्या हातात दिलं.

पप्पांकडे जायला दोनशे पावलं होती, हंड्याकडे पाच.

मी वळले. माणसांच्या पाठी समोर होत्या, त्यांच्यामधून जावं लागलं, कोणाच्या तरी कोपराला धक्का लागला. मला काय म्हणायचं ते मी इंग्रजीत जुळवत होते आणि ते उपयोगाचं नाही हेही कळत होतं. मग मी काही न जुळवता दोन्ही हातांनी हंड्याचं तोंड झाकलं. बोटुकली माझ्या तळव्यांना खालून येऊन लागत होती.

आबांनी घागर तिरपी केली होती, ती तशीच थांबली. ते रागावले नाहीत. त्यांना वाटलं मला ती बघायची आहेत.

"बाजू व्हय व माय," ते हसून म्हणाले. "तुनीच लस शे."

मागून कोणीतरी काहीतरी बोललं आणि दोघं-तिघं हसले. त्या दिवशीचंच हसणं होतं, तोच माणूस असेल. माझे कान तापले. मी हात काढले नाहीत. आबांच्या बोटांवरून घागरीतलं थोडं पाणी ओघळून काठावरच्या चिखलात पडत होतं, हंड्यापासून वीतभर दूर.

"घागर खाली ठेवा," मी म्हणाले. पुटपुटल्यासारखं आलं. आबांनी कान पुढे केला. मग मी इतक्या मोठ्याने बोलले, की टेम्पोपाशी पप्पांनी मान वळवलेली मला दिसली.

"आबा, ते पाणी यात नका ओतू, सगळी मरतील. लसमध्ये मारलेले जंतू असतात, आणि घागरीतले जिवंत आहेत. त्या दिवशी तुम्ही हसलात आणि मी अर्धं पान वाचलंच नाही. चूक मनी शे, आबा. तुमनी नही, मनी."